पंचावन्न मिनिटं आणि एक मोजपट्टी

२०१८ च्या आगेमागे महाराष्ट्रातल्या लग्नघरांत एक नवा नकार ऐकू येऊ लागला. चहाचा ट्रे पुढे आला की पाहुणा हात आडवा धरायचा, "नको, माझं दीक्षित चालू आहे." यजमानही रुसायचा नाही, कारण त्याच्याही घरात कुणाचं ना कुणाचं दीक्षित चालू असायचं. एरवी एकादशी, पथ्य किंवा डॉक्टरचं नाव पुढे केल्याशिवाय मराठी घरात चहा टाळणं म्हणजे माणसालाच टाळणं. एका आडनावाने तो अवघड नकार सोपा करून टाकला, आणि ते आडनाव लातूरहून आलं होतं.

डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्यार्थी ज्याला 'पीएसएम' म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या महिन्यापर्यंत ज्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत, तो हा विषय. यात ना शस्त्रक्रिया, ना मोठी प्रॅक्टिस. पाण्यातलं क्लोरीन, लसीकरण, साथी, शौचालयं, गावाची पाहणी, असा सगळा मामला. पण या विषयाची नजर वेगळी असते. रोगी दवाखान्यात येईपर्यंत थांबायचं नाही, तो रोगीच होऊ नये म्हणून आधी गावात जायचं. मराठवाड्यातून निघालेली वजनाची आणि मधुमेहाची मोहीम एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाने नाही, तर पीएसएमच्या माणसाने उभी केली, हा म्हणूनच योगायोग वाटत नाही.

मूळ कल्पना त्यांची नव्हती आणि त्यांनी कधी तसं म्हटलंही नाही. ती नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. पदव्यांच्या ढिगासाठी आणि राजकारणासाठी लोकांना ठाऊक असलेले जिचकार वजन आणि मधुमेह यांवरही व्याख्यानं देत. २ जून २००४ रोजी मोटार अपघातात ते गेले, पण त्यांच्या भाषणाचं ध्वनिमुद्रण हातोहात फिरत राहिलं. वाढत्या वजनाला कंटाळलेल्या दीक्षितांनी २०१२ मध्ये तो प्रयोग आधी स्वतःवर केला. तीन महिन्यांत आठ किलो वजन उतरलं आणि कंबर दोन इंचांनी कमी झाली. त्यानंतर त्यांनी व्याख्यानं सुरू केली, फुकट. 'विनासायास वेटलॉस आणि मधुमेह प्रतिबंध' हे मोहिमेचं नाव लांबलचक खरं, पण त्यातला 'विनासायास' हा शब्द मराठी माणसाच्या बरोब्बर वर्मी लागला.

नियम पोस्टकार्डावर मावतील एवढेच. कडकडीत भूक दिवसातून ज्या दोन वेळा लागते त्या ओळखायच्या आणि त्याच दोन वेळा जेवायचं. प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटोपायचं. मधल्या वेळात पाणी, घरचं पातळ ताक किंवा बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा, अशा मोजक्याच गोष्टी. रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मधुमेह असेल तर गोड पूर्ण बंद. अठरा वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि टाइप १ मधुमेहाचे रुग्ण यांनी या वाटेला जायचं नाही. शिवाय एक अट अशी की सुरुवातीलाच एचबीए१सी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तांबडी रक्तपेशी साधारण एकशेवीस दिवस जगते, म्हणून एचबीए१सीचा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगतो. ५.७ च्या खाली ठीक, ६.४ पर्यंत मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. आदल्या दोन दिवसांच्या लंघनाने हा आकडा फसत नाही.

यामागचा युक्तिवाद समजायला लातूर-नांदेडच्या नोकरदाराचा दिवस पुरेसा आहे. सकाळी चहा-खारी. नऊला सुशीला (फोडणीचे चुरमुरे), नाहीतर पोहे. अकराला ऑफिसात चहा, त्यासोबत कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा. दीडला डबा. चारला पुन्हा चहा, पाचला भजी. रात्री नऊला जेवण, आणि झोपण्याआधी दूध. प्रत्येक वेळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावं लागतं, आणि रक्तात इन्सुलिन चढलेलं असेपर्यंत साठवलेली चरबी बाहेर पडायला आडकाठी होते. दिवसातल्या आठ खाण्यांची दोन केली की शरीराला साठा वापरायला मोकळे तास मिळतात, अशी ही मांडणी.

टीकाही झाली आणि ती सगळीच मत्सरापोटी नव्हती. थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खावं, हा आहारतज्ज्ञांचा जुना सल्ला. ऋजुता दिवेकरांच्या पुस्तकांनी तो घराघरांत पोचवला होता. त्यामुळे 'दीक्षित की दिवेकर' हा वाद काही महिने नाक्यानाक्यावर रंगला. शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर दोन जेवणांच्या बाजूचा एक ठोस पुरावा प्राग शहरातून आला आहे. २०१४ मध्ये तिथल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना तेवढेच उष्मांक आधी एका पद्धतीने, मग दुसऱ्या पद्धतीने, बारा-बारा आठवडे दिले. कधी सहा छोट्या खाण्यांत, कधी दोन मोठ्या जेवणांत. दोन जेवणांच्या काळात वजन आणि यकृतातली चरबी जास्त उतरली. मात्र त्यातली दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. रात्री नऊचं ताट त्यात नव्हतं, हे आपल्याकडे सोयीस्करपणे विसरलं जातं.

पंचावन्न मिनिटांचंही तसंच. स्वादुपिंडाला घड्याळ कळत नाही, छप्पन्नाव्या मिनिटाला तिथे काही शिट्टी वाजत नाही. नियम म्हणून मात्र तो झकास आहे, कारण 'बेताने खा' या सल्ल्याला काठ नसतो आणि पंचावन्न मिनिटांना असतो. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या चाचणीने आणखी एक गोष्ट दाखवली. दिवसाला साडेआठशेच्या आसपास उष्मांक देऊन वजन उतरवलं, तेव्हा वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात होता, आणि ज्यांचं वजन पंधरा किलो किंवा त्याहून जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. दोन वर्षांनी मात्र ४६ चे ३६ टक्के झाले. म्हणजे किती वेळा खाल्लं यापेक्षा वजन किती उतरलं आणि ते उतरलेलं राहिलं का, हाच खरा सवाल. खाण्याच्या वेळा कमी झाल्या की बहुतेकांचं एकूण खाणंही कमी होतं. श्रेय इन्सुलिनला द्यायचं की न खाल्लेल्या भज्यांना, हा वाद विद्वानांनी घालावा.

मोहीम पसरली ती मात्र शास्त्रामुळे नव्हे, रचनेमुळे. व्याख्यान फुकट, सल्ला फुकट. विकायला पावडर नाही, डबा नाही, यंत्र नाही. एका गावात व्याख्यान झालं की तिथल्यांचा व्हॉट्सअॅप गट तयार व्हायचा. गटात कुणी तपासणीचा कागद टाकायचं, कुणी रिकामं ताट, कुणी पहाटेच्या रस्त्याचा फोटो. आकडा उतरला की अभिनंदन, चढला की कानउघाडणी. एकट्याने चहा सोडणं जड जातं, पण शंभर ओळखीच्यांनी सोडला असेल तर तो सोडायला लाज वाटत नाही. राज्य शासनानेही पुढे आपल्या स्थूलताविरोधी मोहिमेसाठी दीक्षितांना सदिच्छादूत नेमलं.

तरीही या मोहिमेची एक सीमा लातूरच्याच कोणत्याही तालुक्यात उघडी पडते. दिवसाला आठ वेळा खाणाऱ्याला दोन वेळा खा म्हणता येतं. ज्याच्याकडे ऊसतोडीच्या फडावर दोन वेळचीच शिदोरी असते, त्याला काय सांगणार? व्हॉट्सअॅप गटात तो नसतो. आणि मधुमेह त्याला सोडतो असंही नाही.

आयसीएमआरच्या देशव्यापी मधुमेह-पाहणीचा पहिला टप्पा महाराष्ट्रातही झाला, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. तेव्हा राज्यात मधुमेहाचं प्रमाण ८.४ टक्के आढळलं, शहरांत १०.९ आणि खेड्यांत ६.५. खेड्यातला आकडा शहराच्या निम्म्यापेक्षा बराच वर होता, हे तेव्हाच धोक्याचं लक्षण होतं. २०२३ मध्ये संपूर्ण देशाचे आकडे आले. दहा कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह, आणखी साडेतेरा कोटींच्या वर उंबरठ्यावर, तर रक्तदाब प्रौढांपैकी पस्तीस टक्क्यांना.

सडपातळ माणसाला मधुमेह कसा, याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं शोधत आले आहेत. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी एक फोटो छापला. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच ठणठणीत. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास चालवला आहे. तिथली बाळं वजनाने इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी लहान, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी झालेली नाही. कमी झाले ते स्नायू आणि पोटातले अवयव. दुष्काळ अंगवळणी पडलेल्या मराठवाड्यात पोटात असतानाच अर्धपोटी राहिलेलं बाळ पुढे शहरात बैठी नोकरी धरतं तेव्हा काय होतं, याचा अंदाज या संशोधनावरून बांधता येतो. म्हणून भारतीयांसाठी वजनकाट्यापेक्षा कंबर महत्त्वाची. मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

ही कंबर मोजायचं काम सरकारने सोपवलं आहे आशाताईवर. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तपासफॉर्म तिने घरी जाऊन भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, कंबर, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम होतो का, आईवडिलांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार होता का. प्रत्येक उत्तराला गुण. बाईची कंबर ८० पर्यंत असेल तर शून्य, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात ओट्यावर बसून नऊवारीवरून टेप गुंडाळायचा, कासोट्याची घडी वजा धरायची, आणि तोवर सासूबाई विचारणार, "हिला काय धाड भरलीय, मोजताय कशाला?" तंबाखूच्या प्रश्नाला उत्तर ठरलेलं, "छ्या, मी नाही खात." दातांना लावायची मिश्री हाही तंबाखूच आहे, हे आशाताईला वेगळं विचारावं लागतं. व्यायामाचा प्रश्न तर हमखास हशा पिकवतो. दिवसभर सोयाबीन काढून आलेली बाई विचारते, "रानातच असते की, आणखी कुठं फिरायला जाऊ?" तिचं बरोबरच आहे. फॉर्म शहरात बसून बनवला की असं होतं.

नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विष्णुपुरीत. तिथले आणि लातूरचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आता खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घेतात आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्याकडे जात राहणं अपेक्षित असतं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा हा नियम चांगला आहे. प्रश्न तिसऱ्या वर्षीही कुणी जातं का, एवढाच.

याच नांदेडमध्ये २१ जून २०१९ रोजी राज्याचा योगदिन झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि रामदेवबाबा एका व्यासपीठावर आणि समोर प्रचंड गर्दी. दूरचित्रवाणीवर दृश्य देखणं होतं. अशा सकाळींचा उपयोग नाही असं नाही, कुणीतरी आयुष्यात पहिल्यांदा वज्रासनात बसतं. पण २२ जूनची सकाळ कुणीच मोजत नाही. रक्तदाबाच्या राष्ट्रीय उपक्रमाने मात्र तेच मोजायला घेतलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांत तो सुरू झाला. महाराष्ट्रात आधी सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे निवडले गेले. मराठवाड्याचा नंबर नंतर लागला, नेहमीप्रमाणे. त्याची पद्धत रुक्ष होती. ठरावीक तीन-चार गोळ्या, महिन्याची औषधं एकदम, रुग्णाचं कार्ड, आणि जो परत आला नाही त्याला फोन. शिबिरात किती लोक आले यापेक्षा सहा महिन्यांनी कितींचा रक्तदाब १४० च्या खाली होता, हा आकडा त्यात मोठा मानला गेला. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

आता ताटाकडे. मराठवाड्यात आरोग्याचा विषय निघाला की कुणीतरी उसासा टाकतोच, 'भाकरी गेली आणि रोग आले.' यात अर्धंच खरं आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते पाहिले तर शंभर ग्रॅम ज्वारीत तंतुमय पदार्थ साधारण दहा ग्रॅम, न चाळलेल्या गव्हाच्या पिठात अकरा. म्हणजे कोंड्यासकट केलेल्या चपातीने काही बिघडवलेलं नाही. बिघडवलं ते तीन ग्रॅमच्याही खाली असलेल्या पॉलिश भाताने, मैद्याने, आणि ताटातून भाजी-डाळ हटवून बसलेल्या बिस्किटांनी. भाकरीबरोबर ठेचा, कांदा, वरण, पालेभाजी, ताक येत असे. ती सगळी पंगत उठली, हे खरं नुकसान.

शेतातही तेच घडलं. लातूर म्हणजे तुरीची बाजारपेठ, डाळमिलचं गाव आणि मांजरा परिसरातल्या साखर कारखान्यांचा जिल्हा. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत खरिपाच्या ज्वारीची रानं सोयाबीनने घेतली. सोयाबीन पैसा देतं, पण शेतकऱ्याच्या चुलीवर ते शिजत नाही, ते थेट आडतीवर जातं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात बायकांचे गट बांधणाऱ्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने नेमकं इथे बोट ठेवलं. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालच्या या संस्थेने बायकांना घरात एक मागणी करायला शिकवलं, सगळं रान नको, एक एकर माझ्याकडे द्या. त्या एकरात ज्वारी-बाजरी, कडधान्यं, भाजीपाला, तेही कमी पाण्यावर आणि बहुतांशी घरच्या खतावर. आधी घरात खायचं, उरेल ते बाजारात. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. संस्थेने ते हवामानबदलाच्या नावाखाली घेतलं. मधुमेह प्रतिबंधाचा कार्यक्रम म्हणून त्याची नोंद कुठेच नाही, पण मराठवाड्यातला याहून चांगला आहार-कार्यक्रम सांगणं अवघड आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं जास्त लोह आणि जस्त असलेलं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आलं, त्याला अशाच एका एकराची गरज आहे.

फिनलंडच्या उत्तर कारेलियात १९७२ मध्ये असाच ताटापासून आरंभ झाला होता. तिथले तरणे पुरुष हृदयविकाराने पटापट मरत. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरने महिला मंडळांना हाताशी धरलं. त्यांनी गावजेवणं घातली, तिथला जुना मांसाचा रस्सा ठेवला, फक्त त्यात मांस-चरबी कमी आणि भाज्या जास्त. दुधाचा धंदा बसेल म्हणून चिडलेल्या शेतकऱ्यांना बेरी पिकवायला मदत दिली. चाळीस वर्षांत काम करत्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. चाळीस वर्षांत, हे ठळक वाचावं.

लातूर-धाराशिवला वेगळं गावजेवण शोधायची गरजही नाही. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, लातूर शहर दुपारी ओस पडतं आणि शेतं भरतात. ताटात ज्वारी-बाजरीचे उंडे, ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबिल, आणि भज्जी. भज्जी म्हणजे तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभरा, मेथी, चुका, कांद्याची पात, रानात जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात, वर बेसनाचा हात. कोणताही आहारतज्ज्ञ यापेक्षा चांगला पदार्थ लिहून देणार नाही. वर्षातून एकदा होतो, ही त्यातली एकच खोट.

आणि एक वर्ग या सगळ्या मोहिमांच्या बाहेर राहिला आहे. प्रवेशपरीक्षांच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'साठी मराठवाड्यातून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं शिकवणी, अभ्यासिका आणि खोली या त्रिकोणात दिवस काढतात. मेसचा डबा नाही आवडला तर वडापाव, जागरणाला चहा-बिस्किट. मैदानाचा तास वेळापत्रकात नाही. यांच्यासाठी दीक्षितांचा नियम नाही, कारण वय अठराच्या आत. आशाताईचा फॉर्म नाही, कारण वय तिसाच्या आत. यातलेच कित्येक जण उद्या डॉक्टर होऊन लोकांना चालायला सांगणार आहेत. शिकवणीवर्गांनी आणि मेसचालकांनी मनात आणलं तर रोजची पाऊण तास सुट्टी आणि डब्यात एक उसळ, एवढं उद्यापासून होऊ शकतं.

वाचकांपैकी कुणी दोन जेवणांवर जाणार असेल तर खुशाल जावं, पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळतो. तिशी ओलांडलेल्यांनी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, तिथे पैसे पडत नाहीत. आशाताई टेप घेऊन दारात आली तर तिला मोजू द्यावं, मिश्रीचं खरं सांगावं, आणि ती निघण्याआधी पुढची तारीख कार्डावर लिहून घ्यावी.